हाइनरिख हर्ट्झ : लहरी आणि वंशावळ

हाइनरिख हर्ट्झ यांचे सारे आयुष्य जर्मनीत गेले, तरी केंब्रिजशी त्यांचे नाते दोन बाजूंनी येते. एक त्यांच्या कामाच्या आधीचे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी जे गणिताने मांडले होते, ते हर्ट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध केले. दुसरे त्यांच्या मृत्यूनंतरचे. त्यांची पत्नी आणि दोन्ही मुली उतारवयात घरदार सोडून केंब्रिजला आल्या, कारण त्यांच्या वंशावळीत एक आजोबा यहुदी जन्माचे निघाले.

हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील गुस्ताव हर्ट्झ वकील होते आणि पुढे शहराचे सिनेटर झाले. गुस्ताव यांचा जन्म यहुदी घरातला. ते सात वर्षांचे असताना, १८३४ साली, आईवडिलांसह सगळ्या घराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी हॅम्बुर्गमध्ये यहुद्यांना पूर्ण नागरी हक्क नव्हते, वकिली-न्यायखात्याची दारे बंद होती. आपल्या धर्मात मुलाची ओळख आईवरून ठरते. हाइनरिखची आई जन्माने ख्रिस्ती, आणि त्याचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला. यहुदी शास्त्रज्ञांच्या याद्या छापतात त्यांत हर्ट्झ यांचे नाव हमखास असते. धर्मशास्त्राने पाहिले तर ते तिथे बसत नाही, आणि त्यांनी स्वतःही तसा दावा कधी केला नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

मुलगा हुशार होता आणि हातानेही चलाख. शाळेत असताना त्याने अरबी शिकायला घेतली. त्याचबरोबर एका कारागिराकडे लेथवर लाकूड आणि धातू कातायला शिकला. पुढे हाइनरिख प्राध्यापक झाल्याचे ऐकून या उस्तादाला हळहळ वाटली, की किती चांगला कातारी हातचा गेला! कोकणातल्या आपल्या सुतारकाम करणाऱ्या घरांना ही हळहळ लगेच समजेल. पण ते शिक्षण फुकट गेले नाही. पुढे आपली बरीच उपकरणे हर्ट्झ यांनी स्वतःच्या हाताने बनवली.

आधी इंजिनिअर व्हायचे ठरले होते. फ्रँकफुर्ट, ड्रेस्डेन, एक वर्ष सैन्यात, मग म्युनिक. तिथे त्यांनी वडिलांची परवानगी घेऊन इंजिनिअरिंग सोडले आणि भौतिकशास्त्र धरले. १८७८ साली बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे आले आणि १८८० साली डॉक्टरेट मिळाली.

मॅक्सवेल यांचा विजेवरचा मोठा ग्रंथ १८७३ साली आला. त्यांचे म्हणणे असे, की वीज आणि चुंबकत्व यांची हालचाल लहरींच्या रूपाने मोकळ्या जागेतून पसरते, तिचा वेग प्रकाशाचाच, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि प्रकाश हीसुद्धा तशीच एक लहर. युरोपातल्या पुष्कळ विद्वानांना हे पटत नव्हते, कारण अशी लहर कोणी पाहिलेली नव्हती. १८७९ साली मॅक्सवेल केंब्रिजमध्ये वारले, अवघ्या ४८व्या वर्षी. त्याच साली बर्लिनच्या विज्ञान अकादमीने या प्रश्नाशी संबंधित प्रयोगासाठी बक्षीस लावले. हेल्महोल्ट्झ यांनी ते हर्ट्झ यांना सुचवले. हर्ट्झ यांनी हिशेब केला, परिणाम फारच सूक्ष्म येईल असे दिसले, आणि त्यांनी नको म्हटले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

१८८५ साली ते कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यालयात प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी तिथल्याच एका सहकाऱ्याची मुलगी, एलिझाबेथ डोल, हिच्याशी लग्न झाले. त्याच शरद ऋतूत, १८८६ साली, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेल्या दोन वेटोळ्यांशी काम करताना त्यांना दिसले, की एका वेटोळ्यातून वीज सोडली की शेजारच्या, तारेने न जोडलेल्या वेटोळ्यातही ठिणगी पडते. दुसऱ्या कोणी पाहून सोडून दिले असते.

त्यांनी जे उपकरण उभे केले, ते जगातले पहिले अँटेना. तांब्याची सुमारे तीन मीटर लांब सरळ तार, दोन्ही टोकांना जस्ताचे तीस सेंटिमीटर व्यासाचे पोकळ गोळे, आणि मध्यभागी तार तोडून बारीकशी फट. प्रवर्तन वेटोळ्याने त्या फटीत ठिणगी पाडली की वीज तारेत या टोकाकडून त्या टोकाकडे धावते, तिथून परतते, पुन्हा धावते. पाण्याने भरलेली परात हलवली की पाणी या काठाला त्या काठाला आपटते, तसेच. परात मोठी असली की पाणी सावकाश हेलकावते, लहान असली की भराभर. तारेचेही तेच आहे. लांबी आणि टोकाचे गोळे यांवर हेलकाव्यांची गती ठरते. हर्ट्झ यांच्या तारेत ती सेकंदाला कोट्यवधी होती. प्रत्येक हेलकाव्याबरोबर आसपासच्या जागेत लहर निघते.

ती पकडायला दुसरी तार. साधे तांब्याचे कडे, सुमारे पस्तीस सेंटिमीटर त्रिज्येचे, त्यातही बारीक फट. त्याचा आकार असा राखला, की त्याचा स्वतःचा हेलकावा पहिल्या तारेशी जुळावा. पाळण्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी कितीही जोर लावा, जात नाही. जुळले की कड्याच्या फटीत ठिणगी दिसे. तीही केवढी? मिलिमीटरचा शंभरावा भाग. खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे सरावेपर्यंत थांबून, भिंगातून ती पाहायची. असे महिनोन्महिने चालले.

व्याख्यानाच्या मोठ्या हॉलमध्ये एका भिंतीला चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला. लहर पत्र्यावर आपटून परत येते आणि येणाऱ्या लहरीत मिसळते. त्यामुळे काही जागी ठिणगी जोरात, काही जागी मुळीच नाही, असे ठरावीक अंतरावर होत जाते. दोन शांत जागांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. ती मोजली आणि हेलकाव्यांच्या संख्येने गुणली की वेग मिळतो. लहर नऊ मीटरांहून लांब आणि हॉल पंधरा मीटरांचा, त्यात लोखंडी शेगडी आणि खांब. त्यामुळे आकडे गोंधळात टाकत. शिवाय हेलकाव्यांच्या हिशेबात एक चूक राहिली होती. ती फ्रेंच गणिती प्वांकारे यांनी दाखवली, तेव्हा हर्ट्झ यांनी ती छापून मान्य केली.

यावर त्यांनी काढलेला उपाय आजही अँटेना बनवणारे वापरतात. लहर लहान करा. छोटी तार घेऊन सहासष्ट सेंटिमीटरची लहर काढली आणि जस्ताच्या पत्र्याचे दोन मीटर उंच अन्वस्ताकार आरसे बनवले. आता लहर टॉर्चच्या झोतासारखी एका दिशेने जाऊ लागली. मग प्रकाशाचे सगळे गुण तिच्यात एकेक करून तपासले. पत्र्यावरून परावर्तन झाले. डांबरासारख्या राळेचा दीड मीटर उंचीचा मोठा लोलक ओतून घेतला होता, त्यातून जाताना लहर वळली. लाकडी चौकटीवर समांतर तारा ताणून जाळी केली. जाळीच्या तारा अँटेनाला समांतर असल्या की लहर अडे, काटकोनात फिरवली की पार जाई. गच्चीवरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या दांड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, याचे उत्तर त्या जाळीत आहे. १८८८च्या डिसेंबरात हे सर्व प्रसिद्ध झाले. मॅक्सवेल यांचे म्हणणे यानंतर कोणी हसण्यावारी नेले नाही.

या धामधुमीत आणखी एक गोष्ट हाती लागली. ठिणगी नीट दिसावी म्हणून कडे काळ्या पेटीत ठेवले, तर ती कमजोर झाली. मधे काच धरली तरी तेच, स्फटिक धरला तर नाही. पहिल्या ठिणगीतल्या अतिनील किरणांमुळे दुसरी ठिणगी सहज पडत होती. हर्ट्झ यांनी १८८७ साली हे लिहून ठेवले आणि आपल्या मुख्य कामाकडे वळले. याचे कारण १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितले, आणि त्यांचे नोबेल पारितोषिक याच कामासाठी आहे.

हर्ट्झ यांना आपल्या शोधाचा उपयोग का दिसला नाही, असे लोक विचारतात. १८८९च्या डिसेंबरात म्युनिकच्या एका इंजिनिअरने त्यांना पत्र लिहून विचारले होते, की टेलिफोनचा आवाज या लहरींनी पाठवता येईल का. त्यांनी कळवले की आवाजाचे हेलकावे फार सावकाश, त्यांची लहर तीनशे किलोमीटर लांबीची होईल आणि तिला वळवायला खंडाएवढा आरसा लागेल. गणित बिनचूक होते. जलद लहरीच्या पाठीवर सावकाश आवाज बसवून पाठवायचा, ही युक्ती पुढे इतरांना सुचली. ज्येष्ठांना रेडिओ सिलोनचे पंचवीस मीटर आणि एकेचाळीस मीटर आठवत असतील. ते आकडे लहरीच्या लांबीचे. ती लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून कोकणात उतरत असे. असा थर खरोखर आहे हे १९२४ साली केंब्रिजमध्ये घडलेले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅपलटन यांनी सिद्ध केले. मुलांच्या खिशातल्या मोबाइलची नऊशे मेगाहर्ट्झची लहर तेहतीस सेंटिमीटरची, म्हणून तिचा पाव भाग, आठ सेंटिमीटरचे अँटेना, दुमडून फोनच्या पोटात मावते.

१८८९ साली हर्ट्झ बॉनला प्राध्यापक म्हणून गेले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. पण १८९२पासून नाक-कान-जबड्याच्या दुखण्याने घेरले. शस्त्रक्रियांनी गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी ते गेले, तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. थोरली योहाना सहा वर्षांची, धाकटी माथिल्डे तिसरेही पुरे न झालेली. एलिझाबेथबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. १९२७ साली योहानाने वडिलांची पत्रे, रोजनिशी आणि आठवणी एकत्र करून पुस्तक काढले. माथिल्डे आधी शिल्पकार होती, मग प्राणिशास्त्रज्ञ झाली. पक्षी आणि मधमाश्या आकार कसे ओळखतात यावर तिने बर्लिनमध्ये काम केले, आणि ते नावाजले गेले.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले. नव्या कायद्याप्रमाणे चार आजी-आजोबांपैकी एकही यहुदी असला तर सरकारी नोकरी संपली. माथिल्डेचे आजोबा म्हणजे ते सात वर्षांचे गुस्ताव, बाप्तिस्म्याला नव्व्याण्णव वर्षे होऊन गेलेले. तिचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क गेला. माक्स प्लांक यांनी तिच्यासाठी रदबदली केली, तिने काही काळ प्रयोगशाळेत तग धरला. हॅम्बुर्गच्या नगरभवनातून हर्ट्झ यांचे चित्र उतरवले गेले, त्यांच्या नावाचे रस्ते बदलले. वारंवारतेच्या एककाला हर्ट्झऐवजी हेल्महोल्ट्झ म्हणावे, म्हणजे एकाच संक्षेपात भागेल, अशीही टूम निघाली. ती मात्र चालली नाही. १९६० साली जगाने हर्ट्झ हेच नाव कायम केले.

वंशावळीचे कागद मागणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. बेने इस्राएल मूळचे यहुदी आहेत का, हा प्रश्न इस्राएलमध्ये धर्मपीठाने लग्नाच्या वेळी उभा केला आणि पिढ्यांचा तपास मागितला, तेव्हा १९६४ साली जेरुसलेममध्ये आपल्या माणसांना आंदोलन करावे लागले. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. इथे आपल्यांना आत घ्यायला खळखळ झाली, लढून न्याय मिळाला, आणि कोणाचा जीव गेला नाही. बर्लिनमध्ये ज्यांना आपण यहुदी असल्याचे आठवतही नव्हते, त्यांना बाहेर काढण्यासाठी दप्तरे उघडली गेली. कुळाचा कागद माणसापेक्षा मोठा होतो, एवढे मात्र दोन्हीकडे दिसते.

माथिल्डे केंब्रिजला आली, मागोमाग आई आणि योहाना. जिथे मॅक्सवेल यांनी शिकवले, जिथे १८९५ साली तरुण रदरफर्ड यांनी आल्याबरोबर हर्ट्झ यांच्या लहरी पकडण्याचे प्रयोग केले, त्या गावात हर्ट्झ यांची विधवा १९४१ साली वारली. माथिल्डेने पहिली काही वर्षे काम केले, मग तिचे संशोधन थांबले ते थांबलेच. नाझींनी घेतलेल्यात हेही धरायला हवे.

१९६७ साली केंब्रिजजवळच्या लॉर्ड्स ब्रिज येथे साडेचार एकर शेतात २०४८ अँटेना खांबांवर बांधलेली होती. प्रत्येक हर्ट्झ यांच्याच घडणीचे, मध्यभागी तोडलेली सरळ तार. त्यांनी साडेएक्याऐंशी मेगाहर्ट्झवर आकाशातून येणाऱ्या लहरी ऐकल्या, आणि जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला त्यांत पहिला स्पंदक तारा सापडला. तेव्हा माथिल्डे त्याच गावात राहत होती, शहात्तर वर्षांची. १९७५ साली ती केंब्रिजलाच गेली. योहानाने काढलेल्या वडिलांच्या पत्रांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती तिने अखेरच्या वर्षांत तयार करायला घेतली होती. जर्मन आणि इंग्रजी मजकूर समोरासमोर छापलेली ती आवृत्ती १९७७ साली निघाली.