पाचव्या बोटाचा हिशेब

डहाणूजवळच्या नरपडसारख्या गावात वाडीतल्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात. गावठी कोंबडीच्या जोडीला गिरिराज, वनराज, एखादा असील कोंबडा असे सगळे एका खुराड्यात आले, की पुढच्या उबवणीत काय निघेल याचा नेम राहत नाही. एखाद्या पिल्लाच्या पायाला चारऐवजी पाच बोटे निघू शकतात, एखाद्याच्या नडगीवर पिसे. आईबापांत तसे काही दिसलेले नसते. मग कुणी त्याला रोग समजतो, कुणी अपशकुन. या कोड्याचा हिशेब मांडला तो विल्यम बेटसन यांनी, आणि तोही घरामागच्या कोंबड्यांवर.

बेटसन यांचा जन्म ८ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडमधील व्हिटबी गावी झाला. शिक्षण केंब्रिजला. तरुणपणी मध्य आशियातल्या खाऱ्या तळ्यांतले जीव पाहत ते महिनोन्‌महिने भटकले. परिस्थिती बदलली की प्राणी हळूहळू बदलतात, याचा पुरावा त्यांना हवा होता. तो काही हाती लागला नाही. उलट निसर्गात बदल अनेकदा एकदम, ठळकपणे येतो असे त्यांचे मत बनले. १८९४ मध्ये त्यांनी अशा उदाहरणांचा जाडजूड ग्रंथ काढला. जादा बोटे त्यातही होती. जुन्या मित्रांशी यावरून कडाक्याचे वाद झाले. पगारी प्राध्यापकपद तर बरीच वर्षे नव्हतेच. कॉलेजच्या स्वयंपाकघराचा कारभार सांभाळणे हेही त्यांच्या चरितार्थाचे एक साधन होते.

केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टरला घराच्या आवारात त्यांनी कोंबड्या पाळल्या. पत्नी बिअ‍ॅट्रिस नोंदी ठेवण्यात बरोबरीने राबत. १९०० मध्ये मेंडेल यांचा विस्मरणात गेलेला वाटाण्यावरचा निबंध पुन्हा उजेडात आला आणि खुराड्यातल्या आकड्यांना अर्थ मिळाला. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या संकरांवरून दाखवले. त्यांच्या खुराड्यात इंडियन गेम ही जात होती. तिच्यात आपल्याकडच्या असीलचे रक्त आहे, आणि तिचा बुटका, वाटाण्याच्या दाण्यांसारखा तुरा असीलकडूनच आलेला. हा तुरा आणि गुलाबतुरा यांचा संकर केला, तर सगळ्या पिल्लांना अक्रोडासारखा तिसराच तुरा आला. पुढच्या पिढीत तर साधा एकेरी तुराही उगवला. दोन जनुके एकत्र आली की दोघांपैकी कुणाचेच नसलेले रूप दिसू शकते, हे त्यातून कळले.

पाचवे बोट याहून खट्याळ. डॉर्किंग जातीत ते पूर्वापार असते. साध्या कोंबडीशी संकर केला की बहुतेक पिल्लांत ते उतरते. पण काही पिल्लांची बोटे चारच राहतात, आणि तरीही ती पाचवे बोट पुढच्या पिढीला देऊ शकतात. वाडीतल्या चार बोटांच्या जोडप्याला पाच बोटांचे पिल्लू होण्याचे एक कारण हे.

असे बोट म्हणजे आजार नव्हे. मात्र ते जमिनीला टेकत नाही. त्यामुळे नख झिजत नाही, वाढून वळते, कशाततरी अडकते. नखाचे टोक अधूनमधून कापावे, आतल्या रक्तवाहिनीला धक्का न लावता. पायावर पिसे असतील तर पावसाळ्यात चिखल धरतो. खुराड्यात भाताचे तूस कोरडे ठेवलेले बरे. पायाचे खवले उचललेले दिसले तर तो बहुधा सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो, आनुवंशिक खोड नव्हे. तळव्यावर काळी खपली आणि सूज म्हणजे जखमेतून शिरलेला जंतुसंसर्ग. उंच, खरबरीत दांडीवरून उडी मारणाऱ्या जड संकरित पक्ष्यांत तो अधिक. गाठ पिळू नये, पशुवैद्यकाला दाखवावी. आणि हात साबणाने धुवावेत, कारण यातले काही जंतू माणसालाही सोडत नाहीत.

या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव बेटसन यांनीच १९०५ मध्ये सुचवले. गंमत अशी, की जनुके गुणसूत्रांवर असतात हे मानायला तेच फार वर्षे तयार नव्हते. मेंडेलच्या ग्रेगर या नावावरून त्यांनी धाकट्या मुलाचे नाव ग्रेगरी ठेवले. थोरला जॉन १९१८ मध्ये युद्धात मारला गेला, मधल्या मार्टिनने १९२२ मध्ये आत्महत्या केली. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी बेटसन गेले.

पाचव्या बोटाचे मूळ डीएनएत सापडायला त्यानंतर बराच काळ लागला. बोटांची घडण ठरवणाऱ्या एका जनुकाला कधी, कुठे चालू व्हायचे हे सांगणारा डीएनएचा एक तुकडा असतो. सिल्की कोंबडीत त्यातले एकच अक्षर बदललेले आहे. काही माणसांना हाताला सहावे बोट असते, त्यामागेही याच तुकड्यातले बदल आढळले आहेत.