पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

कॉलेज मॅगझिनमध्ये चरित्र म्हटलं की शास्त्रज्ञ नाहीतर उद्योगपती, हे ठरलेलंच. मी ज्याच्याबद्दल लिहितेय तो माणूस आठवीनंतर शाळा सोडलेला, चार वेळा गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेला आणि जवळजवळ आयुष्यभर कफल्लक होता. नाव क्लॅरेन्स अर्ल गिडियन. लॉ कॉलेजच्या पोरांना हे नाव माहीत असतं, आपल्याकडे मात्र ओळख करून द्यावी लागते. (कॉन्व्हेंटमुळे माझं कायद्याचं मराठी कच्चं आहे. उलटतपासणी हा शब्द माझ्या रूममेटने पुरवला, श्रेय तिचं.)

गिडियनचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॅनिबल गावचा. मार्क ट्वेनचं बालपण याच गावात गेलं. गिडियन तीन वर्षांचा असताना वडील वारले, आईने दुसरं लग्न केलं. घरी याचं पटेना, म्हणून किशोरवयातच पळून गेला. मग चोरी, सुधारगृह, तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. मध्ये क्षयाने गाठलं. लग्नं झाली, मोडली. पन्नाशीत तो फ्लोरिडातल्या पनामा सिटी या गावी होता. किरकोळ कामं करायची आणि पत्त्यांचा जुगार खेळायचा, असं चाललं होतं. त्याच्यात हिरो वाटावं असं खरंच काही नव्हतं.

३ जून १९६१ च्या पहाटे तिथला एक पूलरूम फोडला गेला. सिगरेटच्या मशीनमधली आणि ज्यूकबॉक्समधली चिल्लर, थोडी बिअर, थोडी वाईन असा ऐवज गेला. एका तरुणाने सांगितलं, गिडियनला मी आत पाहिलं. गिडियनच्या खिशात नाणी सापडली. झालं, पोलिसांचं काम संपलं.

४ ऑगस्टला खटला उभा राहिला. न्यायाधीश मॅक्रॅरी यांच्यासमोर गिडियनने सांगितलं की माझ्याकडे पैसे नाहीत, मला कोर्टाने वकील द्यावा. न्यायाधीशांनी नकार दिला. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे मृत्युदंडाचा गुन्हा असेल तरच गरीब आरोपीला फुकट वकील मिळत असे. त्यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९४२ चा बेट्स विरुद्ध ब्रॅडी हा निकाल होता. त्यानुसार राज्यांनी वकील द्यायचा तो खास परिस्थितीतच, म्हणजे आरोपी निरक्षर असेल, मंदबुद्धी असेल किंवा केस फार गुंतागुंतीची असेल तर. गिडियनला लिहिता वाचता येत होतं आणि डोकं ठिकाणावर होतं, म्हणून त्याला वकील नाही!

मग गडी स्वतःच उभा राहिला. साक्षीदार बोलावले, प्रश्न विचारले, सहा जणांच्या ज्युरीपुढे भाषणही केलं. मुख्य साक्षीदाराला त्याने विचारलं की तुला कधी शिक्षा झाली आहे का, साक्षीदार नाही म्हणाला, आणि गिडियन पुढच्या प्रश्नाकडे वळला. उत्तर खोडायचं कसं हे त्याला कोण सांगणार? दोषी ठरला. पाच वर्षं. त्या गुन्ह्याला असलेली ही जास्तीत जास्त शिक्षा होती.

तुरुंगात तो कायद्याची पुस्तकं वाचत बसला. फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला, तेव्हा जानेवारी १९६२ मध्ये त्याने थेट वॉशिंग्टनला देशाच्या सुप्रीम कोर्टाकडे अर्ज धाडला. तुरुंगाचे रेघी कागद, पेन्सिल, पाच पानं, स्पेलिंगच्या भरपूर चुका. एरवी त्या कोर्टात छापील अर्जाच्या चाळीस प्रती लागायच्या. पण गरिबांसाठी वेगळा नियम होता. मी निर्धन आहे असं शपथपत्र जोडा, एक हस्तलिखित प्रत चालेल. मला या चरित्रात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा रुक्ष नियम. तो नसता तर त्या पाच पानांवर कुणी शिक्कासुद्धा मारला नसता.

जून १९६२ मध्ये कोर्टाने अर्ज ऐकायला घेतला आणि गिडियनसाठी वकील नेमला, एब फोर्टास. वॉशिंग्टनमधल्या नामांकित वकिलांपैकी एक, पुढे ते त्याच कोर्टाचे न्यायाधीश झाले. या कामाची त्यांना फी नव्हती. समोर फ्लोरिडातर्फे ब्रूस जेकब हा पंचविशीतला वकील होता. त्याने इतर राज्यांना पत्रं पाठवून पाठिंबा मागितला आणि ते अंगाशी आलं. त्याच्या बाजूने दोन राज्यं उभी राहिली आणि गिडियनच्या बाजूने वीसहून जास्त. यातल्या अनेक राज्यांत गरिबांना वकील देण्याची सोय आधीच होती, तिथे काही आकाश कोसळलं नव्हतं.

१८ मार्च १९६३ ला निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने गिडियनच्या बाजूने. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ च्या निकालात हेच ब्लॅक विरोधी मत नोंदवून बसले होते, एकवीस वर्षांनी त्यांचं म्हणणं कायदा झालं. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिलाच पाहिजे, हे ठरलं.

पण गिडियन यामुळे निर्दोष ठरला नव्हता. त्याला फक्त नव्याने खटला मिळाला होता. ५ ऑगस्ट १९६३, तेच गाव, तेच न्यायाधीश, तोच मुख्य साक्षीदार. आपण प्रॅक्टिकलमध्ये बाकीची रीडिंग्ज कायम ठेवून एकच गोष्ट बदलतो, तसलाच प्रकार. (ज्युरी नवीन होती, हे मान्य.) बदललेली गोष्ट म्हणजे वकील. मायामीहून त्याच्यासाठी आलेले वकील गिडियनने नाकारले आणि गावातलाच फ्रेड टर्नर मागितला. टर्नरने आधी तीन दिवस नुसती चौकशी केली. मुख्य साक्षीदाराच्या आईबरोबर परसात पेअरची फळं तोडता तोडता गप्पासुद्धा मारून आला! कोर्टात त्याने त्या साक्षीदाराला विचारलं की चोरी होताना बघितलीस तर पोलिसांना फोन का नाही केलास. मग शिक्षेचा तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी बाहेर आलं की त्याने गाडीचोरीचा गुन्हा कबूल केलेला होता. टॅक्सीवाला सांगत होता की मला सोडल्याचं कुणाला सांगू नकोस असं गिडियन म्हणाला. ऐकायला वाईटच. टर्नरने विचारलं, असं तो याआधीही म्हणायचा का? हो, नेहमीच, बायकोशी भांडण होतं म्हणून. संशयातली हवाच गेली. ज्युरीने साधारण तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवलं. दोन वर्षांहून जास्त काळ तो आत होता.

त्या निकालामुळे एकट्या फ्लोरिडात सुमारे दोन हजार कैदी सुटले आणि राज्याने पगारी सरकारी बचाव वकिलांची पदं निर्माण केली. अँथनी लुईस या पत्रकाराने १९६४ मध्ये गिडियनवर पुस्तक लिहिलं, १९८० मध्ये त्यावर सिनेमा आला, हेन्री फोंडा गिडियन झाला. खरा गिडियन सुटल्यावरही गरीबच राहिला. १८ जानेवारी १९७२ ला वारला, हॅनिबलला पुरला गेला, थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. दगड बऱ्याच काळाने एका नागरी हक्क संघटनेने बसवला.

आपल्याकडे त्याचं नाव पोचलं ते १९७८ मध्ये. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, म्हणजे विद्यापीठाच्या खोट्या पदव्यांच्या प्रकरणात (हसू नका), न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गिडियनचा दाखला दिला. आरोपीची याचिका त्यांनी फेटाळली, पण कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तोही मिळाला पाहिजे, असं बजावलं. त्याआधी १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचं ३९-अ कलम राज्यघटनेत आलं होतं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला.

त्या कायद्याच्या बाराव्या कलमात यादी आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार आणि कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती, या सगळ्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळू शकतो. बाकीच्यांसाठी राज्य सरकार उत्पन्नाची मर्यादा ठरवतं. म्हणजे आमच्या लेडीज हॉस्टेलमधली प्रत्येक मुलगी यात बसते, आणि मला विसाव्या वर्षापर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. मेसमधल्या मावशींनाही नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, फोन करायचा तर १५१००. अर्ज मराठीत चालतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगायचं, तिथला माणूस लिहून घेतो.