रिपोर्टमधलं ‘डाऊन’ वाचून धडकी भरते, पण ते एका डॉक्टरचं आडनाव आहे. त्याची गोष्ट माहितीय का?

समजा, आंदर मावळातलं खांडी किंवा वडेश्वर. तिसरा महिना संपत आलेली एक बाई टाकव्यावरून कान्हे फाट्याला आणि तिथून पुढं तळेगावला जाऊन सोनोग्राफी करून आली. रक्तही देऊन आली. चार-पाच दिवसांनी नवऱ्याच्या मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली. सगळं इंग्रजीत. त्यातली एक ओळ मात्र ठळक होती. डाऊन सिंड्रोम, हाय रिस्क, १:२००.

डॉक्टरांची वेळ मिळाली आठ दिवसांनंतरची.

त्या आठ दिवसांत घरात काय होतं हे वेगळं सांगायला नको. कुणाला आठवतं की ही ग्रहणात बाहेर पडली होती. कुणी तिच्या माहेरचं खानदान काढतं. नवरा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर शोधत बसतो आणि जितकं वाचतो तितका जास्त घाबरतो. बाई कुणाशी काही बोलत नाही.

या घाबरण्यात एक वाटा त्या शब्दाचाही असतो. डाऊन म्हणजे खाली, डाऊन म्हणजे कमी, असाच अर्थ बहुतेक जण लावतात. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. डॉ. जॉन लँग्डन डाऊन. या माणसाची गोष्ट वाचली की रिपोर्टवरचा तो शब्दही थोडा वेगळा दिसायला लागतो.

तर गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात. टॉरपॉइंट नावाचं छोटं गाव. १८ नोव्हेंबर १८२८ ला तिथं जॉनचा जन्म झाला. वडिलांचं औषधं आणि किराण्याचं दुकान होतं. घरात सगळ्यात धाकटा जॉन. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं दुकानात पुड्या बांधायला लागलं.

अठराव्या वर्षाच्या आसपास एक प्रसंग घडला. घरच्यांबरोबर तो फिरायला गेला होता. जोराचा पाऊस आला म्हणून सगळे एका झोपडीवजा घरात थांबले. तिथं त्यांना हवं-नको बघणारी एक मुलगी होती. तिची बुद्धी वयाच्या मानानं वाढलेली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पाऊस थांबला, मंडळी निघाली, पण हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढं कित्येक वर्षांनी, नावाजलेला डॉक्टर झाल्यावर, एका व्याख्यानात त्यानं या प्रसंगाची आठवण सांगितली.

पण डॉक्टर होणं सोपं नव्हतं. लंडनला जाऊन त्यानं एका सर्जनच्या हाताखाली दात काढणं, औषधं तोलणं अशी कामं केली. मग औषधशास्त्र शिकला, मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाला प्रयोगांत मदतही केली. मध्येच तब्येत बिघडल्यानं गावी परतावं लागलं. १८५३ मध्ये वडील गेले आणि वयाच्या पंचविशीत त्यानं लंडन हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकीला प्रवेश घेतला. पदकं मिळवत तो पास झाला. आता हा मोठ्या रुग्णालयात नाव काढणार, असं सगळ्यांनी धरलेलं.

आणि १८५८ मध्ये भिडूनं भलतीच नोकरी धरली. लंडनच्या दक्षिणेला अर्ल्सवुड नावाची मोठी संस्था होती. मतिमंद मुलं आणि माणसं तिथं ठेवली जायची. त्या काळी अशा माणसांना कागदोपत्री ‘इडियट’च म्हणायचे, तो अधिकृत वैद्यकीय शब्द होता. हुशार डॉक्टरनं असल्या ठिकाणी जाणं म्हणजे करिअरवर पाणी सोडणं.

डाऊननं तिथं गेल्यावर आधी मारहाण बंद केली. स्वच्छता आणली. मुलांना काट्या-चमच्यानं जेवायला शिकवलं, हाताला काम दिलं, सुतारकी शिकवली. इथल्याच जेम्स पुलेन नावाच्या माणसानं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची इतकी हुबेहूब प्रतिकृती बनवली की लोक त्याला अर्ल्सवुडचा जीनियस म्हणायला लागले. बोलायला जमत नव्हतं, पण हातात जादू होती.

डाऊनला फोटोग्राफीचाही नाद होता. संस्थेतल्या माणसांचे त्यानं दोनशेहून अधिक फोटो काढले. चांगले कपडे घालून, नीट बसवून, घरच्या माणसाचा काढावा तसे. हे फोटो आणि मोजमापं बघताना त्याच्या लक्षात आलं की काही मुलं एकमेकांची सख्खी भावंडं वाटावीत इतकी सारखी दिसतात. १८६६ मध्ये त्यानं या मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला. हा आजार नंतर होत नाही, तो जन्मापासूनच असतो, हे त्यानं नेमकं ओळखलं. ही मुलं नकला छान करतात, विनोदी असतात आणि शिकवलं तर शिकतात, हेही त्यानं नोंदवलं.

पण याच लेखात त्याच्या दोन मोठ्या चुका झाल्या.

पहिली म्हणजे त्यानं या मुलांच्या चेहऱ्याची तुलना मंगोलिया भागातल्या लोकांशी केली आणि त्यांना तेच नाव दिलं. एका अख्ख्या समाजाचा अपमान करणारा तो शब्द पुढं शंभर वर्षं डॉक्टरांच्या तोंडी राहिला. गंमत म्हणजे यातून डाऊनला उलटं सिद्ध करायचं होतं. इंग्रज आईबापांच्या पोटी असे चेहरे जन्माला येत असतील, तर सगळी माणसं मुळात एकच, असं त्याचं म्हणणं. गुलामगिरीच्या समर्थनासाठी माणसांच्या वेगवेगळ्या जाती सांगणारे लोक त्या काळात कमी नव्हते.

दुसरी चूक म्हणजे त्यानं सांगितलेलं कारण. आईबापांना क्षयरोग असला की असं मूल होतं, असं त्याला वाटायचं. म्हणजे त्याचं ते ग्रहणच म्हणा की.

खरं कारण कळायला १९५९ साल उजाडलं. पॅरिसमध्ये जेरोम लेजेन, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पां यांच्या कामातून दिसलं की या मुलांच्या पेशीत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. बहुतेक वेळा बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि हे घडतं. निव्वळ योगायोगानं. आईनं काय खाल्लं, काय चिरलं, कुठं गेली, याचा काडीचा संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, एवढं खरं. पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक.

पुढं १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तो जुना शब्द सोडा म्हणून जाहीर पत्र लिहिलं. सही करणाऱ्यांत डाऊनचा नातू नॉर्मनही होता. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द टाकला आणि डाऊनचं नाव रूढ झालं.

आता परत त्या १:२०० कडे येऊ.

आपल्याकडं तांदूळ आधी चाळतात आणि मग सुपात घेऊन निवडतात. चाळणीत खडे अडकतात, तसे जाड दाणेही अडकतात. म्हणून चाळणीवर राहिलेलं कुणी उकिरड्यावर फेकत नाही, निवडून बघतं. अकरा ते चौदा आठवड्यांत होणारी एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही अशीच चाळणी आहे. या दोन्ही मिळून डाऊन असलेल्या १०० बाळांपैकी साधारण ८५ ते ९० हुडकतात. पण बाळाला डाऊन नसतानाही दर १०० बायकांमागं जवळपास पाच जणींना हाय रिस्क सांगतात.

१:२०० चा अर्थ असा की असाच रिपोर्ट आलेल्या २०० बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर १९९ जणींच्या बाळाला डाऊन नसेल. लो रिस्कचा अर्थही शून्य असा नाही. शिवाय हा आकडा आईचं वय, वजन आणि गर्भाचे दिवस यांवरून काढतात. दिवस चुकीचे भरले की आकडाही चुकतो. त्यामुळं सोनोग्राफीतले दिवस आणि रक्ताच्या फॉर्मवरचे दिवस जुळतात का, हे पहिल्यांदा विचारायचं.

त्याच्या पुढची चाळणी म्हणजे एनआयपीटी. आईच्याच रक्तातून होते, दहाव्या आठवड्यानंतर कधीही. कितीतरी बारीक चाळणी, पण चाळणीच. त्यात पॉझिटिव्ह आलं तरी खात्री करावी लागते. खात्रीची चाचणी म्हणजे वार किंवा गर्भजल तपासणं. वारेचा तुकडा साधारण अकरा ते चौदा आठवड्यांत घेतात, गर्भजल पंधराव्या आठवड्यानंतर. यात गर्भपाताचा धोका असतो, पण तो शंभरात एकापेक्षा कमी. प्राथमिक निकाल काही दिवसांत, पूर्ण निकाल दोन-तीन आठवड्यांत येतो.

हीच गर्भजल तपासणी मुलगी पाडण्यासाठी वापरली गेली म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी त्यावर कायदा केला. पुढं १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. म्हणून आज या चाचणीला संमतीपत्रं लागतात आणि लिंग सांगत नाहीत. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पुढची चाचणी करायची की नाही, हेही तिनंच ठरवायचं. पण यातलं काहीही नुसत्या चाळणीच्या आकड्यावर ठरवायचं नसतं.

डाऊनचं पुढं काय झालं? १८६८ मध्ये त्यानं अर्ल्सवुड सोडलं आणि बायको मेरीच्या साथीनं टेडिंग्टनजवळ स्वतःची संस्था काढली, नॉर्मन्सफील्ड. घरासारखं घर. मोजक्या मुलांपासून सुरुवात करून संख्या शंभराच्या पुढं गेली. तिथं शाळा होती, शेती होती, सुतारकाम होतं. १८७९ मध्ये तर तिथं चक्क नाट्यगृह उभं राहिलं. आजही ते आहे. ७ ऑक्टोबर १८९६ ला डाऊन गेला. संस्था आधी मेरीनं आणि मग मुलांनी चालवली.

आणि १९०५ मध्ये त्याच्या मुलाला, डॉक्टर रेजिनाल्डला मुलगा झाला. आजोबांचंच नाव ठेवलं, जॉन. त्याला डाऊन सिंड्रोम होता.

ज्या घरानं हे जगाला ओळखायला शिकवलं, त्याच घरात. क्षयरोग नाही, पाप नाही, ग्रहण नाही. त्या काळात अशी मुलं लहानपणीच जायची, हा जॉन मात्र साठी ओलांडेपर्यंत जगला. आज नीट उपचार मिळणाऱ्या देशांत या मुलांचं सरासरी आयुष्य साठच्या घरात आहे. जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो, शिकायला वेळ लागतो, आईबापांचे कष्ट खरेच असतात. पण कोणतं मूल किती शिकेल हे गुणसूत्र मोजून कळत नाही. आपल्याकडंही मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्यानं आपल्या डाऊन असलेल्या मुलीसाठी शिकवणी सुरू केली. तिच्याच नावानं शिवडीला जय वकील शाळा उभी राहिली.

त्यामुळं खांडीच्या त्या बाईला आठ दिवस थांबायचं असेल, तर मोबाईल बाजूला ठेवून कागदावर चार प्रश्न लिहून काढायचे. माझे दिवस बरोबर धरलेत का? आता एनआयपीटी करू की थेट खात्रीची चाचणी? निकाल कधी येईल? आणि डाऊन निघालंच तर आम्हाला समजावून कोण सांगेल? शक्यतो नवऱ्याला सोबत न्यायचं, म्हणजे ऐकणारे कान चार होतात. आणि घरात कुणी ग्रहणाचं काढलंच, तर त्यांना डॉ. डाऊनच्या नातवाची गोष्ट सांगायची.