ज्या राक्षसाला बघून मोठी माणसं घाबरली, त्याची लहान मुलांना मात्र दया आली

फ्रँकेन्स्टाइन म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. चौकोनी डोकं, कपाळावर टाके, मानेच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले खिळे आणि अर्धवट मिटलेले डोळे.

खरं तर फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही. ते त्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव. राक्षसाला नावच नाही. १९३१ साली आलेल्या सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत तर राक्षसाचं काम करणाऱ्या नटाच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

त्या प्रश्नचिन्हामागचा माणूस म्हणजे बोरिस कार्लोफ. आणि गंमत अशी की हे नावसुद्धा त्याचं खरं नाव नव्हतं.

खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडन. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. वडील इंग्रज सरकारच्या हिंदुस्थानातल्या मिठाच्या खात्यात नोकरीला होते. घराण्यात भारतीय रक्त होतं. आईची मावशी अॅना लिओनोवेन्स ही पुढे सयामच्या राजाच्या मुलांची शिक्षिका म्हणून गाजली. 'द किंग अँड आय' हा सिनेमा तिच्यावरूनच आला. ही अॅना जन्मली कुठे? आपल्या अहमदनगरला. पण तिने आयुष्यभर हे लपवलं आणि आपण वेल्सच्या आहोत असंच सांगितलं.

म्हणजे खरं मूळ झाकून ठेवायची सवय घरात आधीपासूनच होती.

विल्यम लहान असतानाच आई गेली. त्याला वाढवलं ते थोरल्या भावंडांनी. पोराचे पाय बाकदार, बोलताना जीभ अडखळायची, तोतरेपणा होता. रंग इतर इंग्रज मुलांपेक्षा सावळा. त्यात थोरले भाऊ हुशार. एक तर पुढे 'सर' जॉन प्रॅट झाला, परराष्ट्र खात्यातला मोठा अधिकारी. धाकट्यानेही तीच वाट धरावी अशी घरच्यांची अपेक्षा होती.

त्याला मात्र नाटकात काम करायचं होतं. १९०९ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून तो कॅनडाला निघून गेला. शेतावर मजुरी केली, फिरत्या नाटक कंपन्यांत कामं केली आणि तिथेच नाव बदललं. पुढे हॉलिवूडमध्येही काम नसेल तेव्हा अंगमेहनत करून पोट भरलं. अशी वीसेक वर्षं गेली. 'फ्रँकेन्स्टाइन' पडद्यावर आला त्याच आठवड्यात त्याला ४४ वर्षं पूर्ण झाली.

आता तो सिनेमा जरा वेगळ्या नजरेने बघा.

हा राक्षस जन्मतो तेव्हा दुष्ट नसतो. छतातून उजेड येतो, तेव्हा तो तान्ह्या बाळासारखे दोन्ही हात वर करून उजेड धरायला बघतो. उजेड बंद होतो, हात तसेच राहतात. मग शास्त्रज्ञाचा मदतनीस त्याला पेटत्या मशालीने घाबरवतो, चाबकाने मारतो. ज्याने जन्माला घातलं तोच त्याच्याकडे पाठ फिरवतो. आगीची भीती त्याच्या मनात कायमची बसते. पुढे जाळ दिसला की तो बिथरतो.

लहानपणी बसलेली जखम नेमकी अशीच काम करते. प्रसंग संपतो, पण शरीर तो विसरत नाही. साधा चढलेला आवाज किंवा दाराचा धाडकन आवाज पुरेसा होतो आणि समोरच्याला वाटतं, हा माणूसच तऱ्हेवाईक आहे.

सिनेमात त्याला न घाबरणारी एकच व्यक्ती भेटते. तळ्याकाठची चिमुरडी मारिया. ती त्याचा हात धरते, फुलं देते, दोघं फुलं पाण्यात सोडून ती तरंगताना बघतात. राक्षस पहिल्यांदाच हसतो. फुलं संपतात. मग तीही फुलासारखी तरंगेल असं समजून तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडते. कार्लोफला हा शेवट आवडला नव्हता. त्याने विरोधही केला होता, पण दिग्दर्शक जेम्स व्हेल ठाम राहिला.

पुढे सेन्सॉरने या प्रसंगाला कात्री लावली. राक्षस मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटायचं आणि थेट मुलीचं प्रेत घेऊन चाललेला बाप दिसायचा. त्याची चूक, त्याची घाबरगुंडी, सगळं गायब. उरला फक्त नराधम. कापलेला भाग १९८०च्या दशकात परत जोडला गेला.

तो बरोबर होता असा याचा अर्थ नाही. मुलगी गेली ती गेलीच. पण मधलं पान फाडलं की कुणीही राक्षस वाटतो. जखमेतून बाहेर पडायची सुरुवात ते पान परत जागेवर लावण्यापासून होते.

विशेष म्हणजे मुलांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कार्लोफला लहान मुलांची पत्रं यायची आणि त्यांत राक्षसाबद्दल भीती नसायची, कणव असायची.

आणि खुद्द कार्लोफचं काय?

१९३३ मध्ये 'द घूल' सिनेमाच्या शूटिंगसाठी तो लंडनला परतला. जगभर नाव झालं होतं, पण पोटात गोळा होता. राक्षस बनून पैसे कमावणाऱ्या धाकट्या भावाची या साहेब भावांना लाज वाटेल का? प्रसिद्धीसाठी फोटो काढायचं ठरलं, तर भाऊ त्याच्याशेजारी उभं राहायला एकमेकांना ढकलायला लागले. फोटो निघताच प्रत्येकाला आपली प्रत हवी होती. हा किस्सा कार्लोफ नंतर आवडीने सांगायचा.

पुढे तो बाल्टिमोरच्या हॉस्पिटलमधल्या अपंग मुलांना नाताळात सांताक्लॉज बनून भेटवस्तू वाटायचा. १९६६ मध्ये त्याने लहान मुलांसाठी 'ग्रिंच'ची गोष्ट आपल्या आवाजात सांगितली. तीही एका एकट्या, चिडक्या प्राण्याचीच, ज्याला शेवटी लोक आपल्या पंगतीला बसवतात. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र त्याने कधीच केली नाही. जुनं नाव कायद्याने बदललं नाही. सरकारी कागदांवर सही करताना तो दोन्ही नावं लिहायचा, आधी विल्यम प्रॅट आणि मग बोरिस कार्लोफ.