श्रीसंत बहिणाबाई : मत्सराच्या दाहातून भक्तीकडे

काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर या षड्रिपूंपैकी पहिले पाच पुष्कळसे उघडपणे वावरतात. सहावा मात्र आडोशाने राहतो. क्रोध आला तर शेजाऱ्यास कळतो, लोभ जडला तर सावकारास कळतो; परंतु मत्सर ज्याच्या अंतःकरणात शिरतो, त्यालाही तो सहसा ओळखू येत नाही. कारण तो धर्माचे, कुळाचाराचे अथवा न्यायाचे वस्त्र पांघरून येतो. श्रीतुकाराममहाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई यांच्या चरित्रात या शत्रूचे दर्शन जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. आणि ते त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगून ठेविलेले आहे. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, 1880 ते 1951, या निराळ्या. मुलांची येथे नेहमी गल्लत होते, म्हणून हा खुलासा.)

बहिणाबाईंचा जन्म शके 1550, म्हणजे इ. स. 1628 मध्ये, वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. पिता आऊजी हे गावचे कुलकर्णी, माता जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी अजाण वयात त्यांचा विवाह शिऊरच्या पाठक घराण्यातील तिशीच्या एका बिजवराशी झाला. वर वेदविद्येत निपुण, परंतु स्वभावाने जमदग्नीसारखा तापट. बहिणाबाई नऊ वर्षांच्या असता भाऊबंदकीच्या कलहामुळे आऊजींवर संकट आले आणि जावयासह सारे कुटुंब घरदार सोडून बाहेर पडले. शिखर शिंगणापूर, पंढरपूर, रहिमतपूर असा भिक्षेवर निर्वाह करीत प्रवास झाला, आणि अखेर कोल्हापुरी एका सत्शील ब्राह्मणाच्या घरी त्यांस आसरा मिळाला.

तेथे यजमानाने त्यांस एक सवत्स कपिला गाय दिली. वासरास बहिणाबाईंचा असा लळा लागला की, त्या जेथे जातील तेथे ते मागे येई. एके दिवशी जयरामस्वामी वडगावकर यांच्या कीर्तनास त्या गेल्या असता वासरूही गेले. दाटी झाली म्हणून लोकांनी ते बाहेर काढले. ते हंबरू लागले, इकडे या बालिकेचे डोळे भरून आले. जयरामस्वामींस हे कळताच त्यांनी वासरास आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवून त्यांचे कौतुक केले. गावात या प्रसंगाची चर्चा झाली.

त्या चर्चेनेच पतीच्या मनात पहिली ठिणगी पडली. घरी आल्यावर त्यांनी त्या कोवळ्या मुलीस निर्दयपणे मारले आणि बांधून टाकले. पुढे ते वासरू मरण पावले. बहिणाबाई कित्येक दिवस निश्चेष्ट पडून होत्या, आणि त्या अवस्थेत त्यांस तुकाराममहाराजांचे दर्शन होऊन स्वप्नातच मंत्रोपदेश झाला. ही वार्ता पसरताच लोक त्यांच्या दर्शनास येऊ लागले.

येथे त्या वैदिक पतीच्या मनात डोकावून पाहिले पाहिजे. त्यांस केवळ दुष्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. ज्याने सारे आयुष्य अध्ययनात घालविले, त्याच्या दारात लोक येतात आणि त्याला ओलांडून त्याच्या अशिक्षित, अल्पवयीन पत्नीस नमस्कार करतात! ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्र गुरू करावा, हा धर्मलोप होय, असे ते म्हणत. तसे त्यांस खरोखर वाटतही असेल. तथापि आपल्यास कोणी विचारीत नाही हे शल्य त्या धर्मभावनेच्या पोटी होते, हे बहिणाबाईंच्या कथनातून लपत नाही. विद्वत्तेच्या वाट्यास हा रोग अधिक येतो. शिक्षकाच्या पेशात हयात घालविलेल्या कोणासही हे निराळे सांगावयास नको. शेवटी, पत्नी गर्भवती असताही तिला माहेरच्या माणसांवर टाकून तीर्थयात्रेस निघून जाण्याचा त्यांनी निश्चय केला.

बहिणाबाईंची अवस्था काय झाली असेल! पती हेच दैवत, ही त्यांची श्रद्धा. आणि विठ्ठल व तुकोबा तर हृदयात वसलेले. वास्तविक मत्सर करावयाचाच, तर त्यांसही कारण होते. वेदश्रवणाचा अधिकार स्त्रीजन्मास नाही, ही खंत त्यांच्या अभंगांतून वारंवार प्रकट झालेली आहे. जे आपणास दुर्लभ ते पतीस सहज लाभले आहे, हे त्या रोज पाहत होत्या. परंतु ती खंत त्यांनी पतीच्या द्वेषात जिरविली नाही, विठ्ठलाच्या पायी नेली. देवाशी त्या भांडल्या, रडल्या, आणि संसारात पतिसेवा सोडली नाही.

जाण्याच्या सुमारास पतीस दारुण व्याधी जडली. सर्वांगाचा दाह होऊ लागला, औषधे चालेनात. ज्या पत्नीस टाकून जावयाचे, तीच रात्रंदिवस उशाशी बसून होती. त्या अवस्थेत एक वृद्ध ब्राह्मण प्रकट झाला आणि निरपराध पत्नीचा त्याग का करतोस, म्हणून त्याने त्यांस जाब विचारला, असे बहिणाबाई सांगतात. पतीस पश्चात्ताप झाला, व्याधी ओसरली. यात दैवी भाग किती, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. एवढे मात्र खरे की, बरे होताच तो वेदसंपन्न पुरुष सहकुटुंब देहूस गेला आणि ज्या तुकोबांचे नावही त्यास सहन होत नव्हते, त्यांच्यापुढे त्याने मस्तक नमविले.

देहूस मत्सराचे दुसरे रूप वाट पाहत होते. तेथील मंबाजी गोसाव्यांनी, तुम्ही माझे शिष्य व्हा, असा आग्रह धरिला. आम्ही गुरू केला आहे, हे उत्तर मिळताच ते खवळले. ब्राह्मण शूद्राचे शिष्य होतात, अशी लेखी तक्रार त्यांनी पुण्यास आपाजी गोसाव्यांकडे धाडली. एवढ्यावर न थांबता त्यांनी या कुटुंबाची गाय कोंडून तिला बेदम मारले. तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, आणि पुढे मंबाजींच्या घरास आग लागली तेव्हा ती गाय सापडली, असे बहिणाबाईंनी लिहिले आहे. या साऱ्या छळात पती बहिणाबाईंच्या बाजूस उभे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मंबाजींस मात्र पालट झाल्याचे त्या कोठे सांगत नाहीत.

इ. स. 1650 मध्ये तुकाराममहाराजांचे प्रयाण झाले. पुढे बहिणाबाई शिऊरास स्थायिक झाल्या. खरा ब्राह्मण कोण, या प्रश्नाचा ऊहापोह करणारे वज्रसूची हे प्रकरण त्यांनी मराठी अभंगांत उतरविले. जातीवर नव्हे, तर ब्रह्मज्ञानावर ब्राह्मणत्व अवलंबून आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. कोल्हापुरात ज्या प्रश्नावरून घर मोडावयास आले होते, त्यालाच त्यांनी असे शांतपणे उत्तर दिले.

इ. स. 1700 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, अंतकाळ समीप आल्याचे जाणून त्यांनी पुत्र विठ्ठल यास जवळ बोलाविले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत त्यास सांगितली. त्यानंतर त्यांनी देह ठेविला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे.