गोधडेबुवा

दिवाळी झाली की आमच्या बचत गटात वाकळा शिवायचं काम निघतं. मग काय, घरोघरी फिरून जुनं कापड गोळा करायचं! आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, विरलेली सोलापुरी चादर, मैद्याची सुती पोती, काहीही चालतं. परवा अशीच गाठोडी सोडून बसलो होतो आणि एका मावशींनी गाडगेबाबांचा विषय काढला. त्यांच्या सासूबाईंनी म्हणे बाबांना पंढरपूरच्या वारीत झाडताना पाहिलं होतं.

मैत्रिणींनो, गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा असंही म्हणत, ठाऊक आहे? अंगात ठिगळावर ठिगळ लावलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मडक्याचं खापर. त्या गाडग्यावरूनच पुढे हे नाव पडलं. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परटाच्या घरातला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबूजी तिथे गुरं राखत, शेतात राबत मोठा झाला. शाळा नाहीच. लग्न झालं, मुलगी झाली, तर बारशाला मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले!

१ फेब्रुवारी १९०५ला त्यांनी घर सोडलं. तिशीही गाठली नव्हती. मागे आई, बायको कुंताबाई आणि लेकरं.

पुढचं आपण सगळ्या जाणतो. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवाला बोकड कापू नका. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे लोकांच्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढा पैसा हातून गेला, पण अंगावरची ठिगळं काही गेली नाहीत.

कीर्तनात ते सांगत की बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण पोरांना शाळेत घाला. पूर्वी मला याचा राग यायचा. काटकसर पुन्हा बाईच्याच लुगड्यावर का? पण सांगणाऱ्याच्या अंगावर चिंध्या होत्या, म्हणून बायकाही ऐकून घेत असाव्यात.

कुंताबाईंचं मात्र मला अजून पचत नाही. १९२३ साली मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तेव्हा बाबा कीर्तनाला उभे होते. कीर्तन त्यांनी थांबवलं नाही. पुस्तकांतून हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतात. तिकडे घरी त्या माउलीने काय केलं असेल, हे कुणी विचारत नाही. आमच्या गटात हे निघालं तेव्हा सुया थांबल्या होत्या. दोघी-तिघींची तोंडं बाबांच्या बाजूची, बाकीच्या गप्प.

६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. पाठोपाठ २० डिसेंबरला, प्रवासात असताना, अमरावतीजवळ वलगावला बाबाही गेले.

मावशींनी सासूबाईंचं वारीतलं लुगडं आणलं होतं. पार विरलंय, धावदोराही नीट धरत नाही. नेहमीसारखं आतल्या थरात न घालता आम्ही ते वरच्या बाजूला लावलंय, काठासकट.