नरसाळ्यातून लहरी पकडणारे जगदीशचंद्र बोस

बिनतारी लहरी म्हटले की आपण मार्कोनीचे नाव घेतो. जगदीशचंद्र बोस यांचे नाव वनस्पतींच्या धड्यात येते, पण त्यांचे आधीचे कार्य फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे (आज बांगलादेशात) झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही मुलगा आधी बंगाली शाळेत गेला. तेथे एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पालकहो, माध्यमाचा प्रश्न आपल्याही घरी निघतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

केंब्रिजहून परतल्यावर १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी, म्हणून तीन वर्षे त्यांनी तो घेतलाच नाही. शिकवणे मात्र चालू ठेवले. घरी वडिलांचे कर्ज होते, हे ध्यानात घ्या! अखेर पूर्ण पगार मागील बाकीसह मिळाला.

धड प्रयोगशाळा नव्हती. लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे घडवली. लांब लहरींसाठी हर्ट्झला माणसाहून उंच आरसे लागले होते. बोसांनी लहरच ५ मिलिमीटरपर्यंत आखूड केली, तेव्हा सारे साहित्य टेबलावर मावले. लहरी गोळा करायला त्यांनी धातूचे नरसाळे लावले. त्याचे तोंड हळूहळू रुंदावत असल्याने कमीअधिक लांबीच्या लहरी त्यात सुखाने शिरतात. एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी निवडायला तर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथलाचा वर्ख घातला! १८९५ मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी दूरची घंटा वाजवून व बारूद पेटवून दाखवली.

परंतु आखूड लहरी फार दूर जात नाहीत आणि जहाजांना दूरचा संदेश हवा होता. जग लांब लहरींकडे वळले, बोस वनस्पतींकडे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आज मोबाइल व मोटारींतील रडार यांसाठी मिलिमीटर लहरी पुन्हा कामास आल्या आहेत. ५ मिलिमीटरच्या लहरीला साधारण अडीच मिलिमीटरवर एक अशा अँटेना पुरतात, म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढ्या सपाट पट्टीवर त्यांच्या अनेक रांगा बसतात. मात्र अशी साधी सपाट अँटेना थोड्याच लांबीच्या लहरी नीट घेते. तो पल्ला वाढवायला अभियंते पट्टीत खाचा पाडतात, थरावर थर चढवतात. नरसाळ्याला ही अडचण नव्हती. पण ते मोबाइलमध्ये मावत नाही.